फरशी, पादत्राणे आणि सेवकांची सुरक्षितता

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत व्यवस्थापनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)





वार्षिक सभेत व्यवस्थापनाने बोलावयाचे म्हटले की खाटांची संख्या, शस्त्रक्रिया, नवीन यंत्रसामग्री आणि जमाखर्च हे विषय ओघानेच येतात. ते सर्व तपशील या अहवालात यथास्थान दिलेले आहेत. आजचा आमचा विषय मात्र त्या कोष्टकांत सापडणार नाही. रुग्णालयात काम करणारी माणसे घसरून पडू नयेत, यासाठी फरशी कशी असावी, ती कशी पुसावी आणि त्यांच्या पायांत काय असावे, असा हा साधा विषय आहे. तो इतका साधा आहे की त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि त्यासाठी कोणाजवळ निधी मागावयाचा तर शब्द ओठांवर अडखळतो. अध्यक्ष महोदयांनी या विषयावर बोलण्याची अनुमती दिली, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.

पडणे ही किरकोळ बाब नव्हे

आपल्याकडे पडण्याचा विषय निघाला की थोडे हसू येते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्यू पावतात. अपघाती इजांमुळे होणाऱ्या मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांखालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. यांतील ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. याखेरीज वैद्यकीय उपचार घ्यावेच लागतील अशा पडण्याच्या घटना वर्षाला सुमारे ३ कोटी ७३ लाख होतात. कामाच्या ठिकाणांपुरते पाहावयाचे झाल्यास, ब्रिटनसारख्या काटेकोर नोंदी ठेवणाऱ्या देशातही कामावर होणाऱ्या, जिवावर न बेतणाऱ्या इजांमध्ये घसरणे, अडखळणे व सपाट जागेवर पडणे हेच सर्वांत मोठे कारण असल्याचे वर्षानुवर्षे आढळत आले आहे.

रुग्ण पडला तर रुग्णालयात त्याची नोंद होते. तसे होणे योग्यच आहे. रुग्णालयांच्या गुणवत्ता-मानांकनात रुग्ण पडण्याचे प्रमाण हा एक महत्त्वाचा निर्देशांक मानला जातो. खाटेचे कठडे, रुग्णाच्या मनगटावरील पट्टी, परिचारिकेने भरावयाचा तक्ता, ही सारी व्यवस्था त्यासाठी आहे. परंतु तोच खाटेखालचा थेंब पुसावयास आलेल्या मावशी घसरल्या, तर त्या आजूबाजूस पाहतात, पदर सावरतात, उठतात आणि कामाला लागतात. दुखणे रात्री घरी गेल्यावर सुरू होते. दुसऱ्या दिवशी खाडा पडतो, आणि हजेरीपटात त्याचे कारण ‘घरगुती’ असे लिहिले जाते.

आपल्या एका कक्षातील मावशींचे उदाहरण येथे नमूद करणे आवश्यक वाटते. दुपारच्या जेवणाच्या थाळ्या घेऊन जात असता त्या पॅन्ट्रीसमोरील मार्गिकेत घसरल्या आणि तोल सावरताना त्यांच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. उपचार आपल्याच अस्थिरोग विभागात झाले व त्यांचे बिल आकारले गेले नाही. तथापि, उजवा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये असलेल्या बाईंच्या घरी धुणेभांडी कोणी करावयाची, दळण कोणी आणावयाचे, याची तरतूद कोणत्याही रुग्णालयाच्या बिलात होत नाही. त्या ठेकेदारामार्फत कामावर होत्या. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी मजुरी नाही, असा तो हिशेब.

अशा प्रसंगी पहिला प्रश्न येतो तो ‘त्यांचे लक्ष कोठे होते?’ हा. आमच्या परिसेविकांनी दुसरा प्रश्न विचारला: ‘तेथे पाणी कोठून आले?’ शोध घेतला असता वातानुकूलन यंत्राची नळी सांध्यातून सैल झाली होती आणि तेथून थेंब थेंब पाणी फरशीवर उतरत होते, असे दिसून आले. नळी जोडावयास अर्धा तासही लागला नाही. पहिल्या प्रश्नाने एक माणूस दोषी ठरला असता, आणि नळी तशीच ठिबकत राहिली असती. आज आम्ही जे काही सांगणार आहोत, ते सर्व या दुसऱ्या प्रश्नातून निघाले आहे.

माणूस घसरतो कसा

चालताना पुढचे पाऊल प्रथम टाचेवर टेकते. त्या क्षणी शरीराचा भार पुढे सरकत असतो आणि तो पेलण्यासाठी टाच व फरशी यांच्यामध्ये पुरेसे घर्षण असावे लागते. मध्ये पाण्याचा पातळ थर असेल, तर टाच फरशीला टेकण्याऐवजी त्या थरावर तरंगते व पुढे निसटते. शरीर मागे पडते. मग माकडहाड, कंबर, डोक्याची मागील बाजू, किंवा सावरण्यासाठी मागे टेकलेला हात यांवर आघात होतो.

हा थर भेदण्यासाठी फरशीच्या पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे असावे लागतात. ब्रिटनमधील सुरक्षा यंत्रणेच्या मार्गदर्शनानुसार स्वच्छ पाणी सांडण्याची शक्यता असलेल्या जागी हा खरखरीतपणा निदान २० मायक्रॉन असावा. माणसाच्या केसाची जाडी सर्वसाधारणपणे ७० मायक्रॉनच्या आसपास असते, यावरून हे माप किती सूक्ष्म आहे याची कल्पना यावी. हाताला जेमतेम जाणवेल एवढ्या खरखरीतपणावर माणसाचे हाड मोडणे न मोडणे अवलंबून असते. दूध सांडत असेल तर याच्या दुपटीहून अधिक खरखरीतपणा लागतो, आणि तेल असेल तर त्याहूनही जास्त. म्हणूनच बाह्यरुग्ण विभागाची फरशी व स्वयंपाकघराची फरशी एकाच मापाने निवडून चालत नाही.

एका बाबीकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. कोरड्या स्थितीत बहुतेक सर्वच फरश्या सुरक्षित असतात. दुकानात ग्राहक फरशीवरून हात फिरवून पाहतो तेव्हा ती कोरडी असते. उद्घाटनाच्या दिवशीही ती कोरडीच असते. फरशीची खरी परीक्षा ओल्या अवस्थेतच होते.

पाणी येते कोठून

एका रुग्णालयात दिवसभरात किती ठिकाणी फरशी ओली होते, याची पाहणी आम्ही कक्ष-परिचर, सफाई कर्मचारी व परिचारिका यांच्या समवेत फिरून केली. पहाटे मार्गिका पुसल्या जातात आणि नेमक्या त्याच वेळी रात्रपाळी व दिवसपाळीची अदलाबदल होते. चहाची किटली हिंदकळते. पिण्याच्या पाण्याच्या यंत्राखाली दिवसभर ओल असते. सलाईनची बाटली बदलताना थेंब पडतात. शस्त्रक्रियागृहात हात धुण्याच्या जागी डॉक्टरांच्या कोपरांवरून पाणी निथळते. उपकरणे निर्जंतुक करण्याच्या खोलीत वाफेचे पाणी होते. सोनोग्राफीच्या खोलीत जेल सांडते, आणि ते पाण्याहून अधिक निसरडे असते. हातमोज्यांची पावडर फरशीवर पडली की तीही पायाखालून सरकते. २०२० च्या करोना साथीपासून दारोदारी बसविलेल्या हात-निर्जंतुकीकरणाच्या बाटल्यांखालीही असेच डाग पडतात. स्वयंपाकघरात भाताची पेज व तेल, धुलाईघरात साबणाचे पाणी, आणि स्नानगृहाच्या उंबरठ्यावर तर चोवीस तास ओल.

पावसाळ्याची गोष्टच वेगळी. जून ते सप्टेंबर या काळात शेकडो छत्र्या व रेनकोट पाणी घेऊन आत येतात. बाहेरील पायऱ्यांवर शेवाळ धरते. मुख्य दारापाशी एखादे छोटे पायपुसणे ठेवले तर दोन-चार माणसांनंतर तेच पाण्याने भरते व पुढच्या माणसाच्या पायांना उलट पाणी लावते. दारापासून आत कित्येक पावले टाकीपर्यंत पाय पुसले जातील, एवढी लांब व जागेवरून न सरकणारी चटई तेथे लागते. तशी चटई आपण आता घातली आहे. छत्र्यांसाठी दाराबाहेर खाली पन्हळ असलेली घडवंचीही केली आहे.

चकाकी आणि स्वच्छता

आपल्या समाजात चकाकणारी फरशी म्हणजे स्वच्छ फरशी, असे एक समीकरण रूढ झाले आहे. जुन्या इमारतींत शहाबादी फरशी असे. ती दिसावयास साधी, पण घासून गुळगुळीत केलेली नसल्यास पावलाला धरून ठेवणारी. पुढे मोझेक आले, पॉलिश केलेला कोटा आला, त्यानंतर ग्रॅनाइट व व्हिट्रिफाईड टाइल्स आल्या. व्हिट्रिफाईड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. त्यामुळे तिच्यावर डाग पडत नाही, हा तिचा गुण होय. परंतु सांडलेले सर्व पाणी पृष्ठभागावरच राहते, आणि टाइल गुळगुळीत असेल तर हाच गुण धोकादायक ठरतो.

टाइल विकत घेताना ‘अँटी-स्किड’ एवढ्या एका शब्दावर विसंबून राहू नये, असे आम्ही अनुभवाने म्हणतो. जर्मन मानक-पद्धतीत तेल लावलेल्या उतरत्या फळीवर प्रत्यक्ष माणसास चालवून आर-९ ते आर-१३ अशी श्रेणी ठरविली जाते. आर-९ म्हणजे उतार ६ ते १० अंशांचा असतानाच माणूस घसरतो. या श्रेणीतील ती सर्वांत खालची पायरी आहे. कोरड्या कार्यालयास ती पुरेशी असेल. स्नानगृहाबाहेर ती पुरेशी नाही. दुसरी पद्धत लोलकाची. रबरी तळ लावलेला लोलक ओल्या फरशीवरून झुलवितात व त्याला होणारा अटकाव मोजतात. ब्रिटनमधील निकषांनुसार हे मूल्य ३६ किंवा त्याहून अधिक असल्यास घसरण्याचा धोका कमी, २५ ते ३५ असल्यास मध्यम, आणि २४ वा त्याखाली असल्यास अधिक समजला जातो. आपल्या खरेदी समितीने यापुढे ओल्या अवस्थेतील चाचणीचा दाखला मागितल्याशिवाय फरशीची कोणतीही निविदा स्वीकारावयाची नाही, असे ठरविले आहे.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. फरशी खरखरीत केली तर तिच्या खाचांत मळ व जंतू राहणार नाहीत काय? संसर्ग-नियंत्रण समितीनेही हाच प्रश्न विचारला, आणि तो डावलण्याजोगा नाही. यावर मध्यम मार्ग असा की, प्रत्येक जागेचा स्वतंत्र विचार करावा. सतत ओल्या राहणाऱ्या जागांसाठी कठीण सूक्ष्म कण मिसळलेल्या व्हिनाइलच्या चादरी मिळतात. त्यांचे सांधे उष्णतेने जोडून घेता येतात आणि कडा भिंतीवर वळवून चढविता येतात, त्यामुळे कोपऱ्यांत घाण साचत नाही. मात्र त्या ब्रशने घासाव्या लागतात. नुसते पोतेरे फिरवून भागत नाही. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांवर खरखरीत पट्ट्या, उताराच्या वाटेस दर १२ फुटांना १ फुटाहून अधिक चढ नसणे, दोन्ही बाजूंस कठडा व रात्री पुरेसा उजेड, या गोष्टी तर अल्प खर्चात होतात.

या संदर्भात एका स्नेही कुटुंबाचा उल्लेख त्यांच्या संमतीने, परंतु त्यांच्याच इच्छेनुसार नाव न घेता करतो. वडिलांच्या स्मरणार्थ बाह्यरुग्ण विभागाच्या दालनास आरशासारखा चकचकीत ग्रॅनाइट बसवून देण्याचा त्यांचा मानस होता. आम्ही त्यांना, दालनासाठी ज्वालेने खरखरीत केलेला दगड निवडावा आणि उरलेल्या रकमेतून जिन्याच्या पायऱ्या व कठडे करावेत, अशी विनंती केली. प्रथम ते नाराज झाले. ‘हा दगड ओबडधोबड दिसतो, वडिलांच्या नावाला शोभणार नाही,’ असे त्यांचे म्हणणे पडले. ती भावना आम्ही समजू शकत होतो. पावसाळ्यातील एखाद्या सकाळी दालनात येऊन अर्धा तास बसावे, एवढेच आम्ही सुचविले. ते आले, बसले. काठी टेकत येणारी वृद्ध माणसे, कडेवर मूल घेतलेल्या माता, धावत जाणारे वॉर्डबॉय, हे सारे त्यांनी पाहिले. जाताना त्यांनी खरखरीत दगडाच्या नमुन्यावर सही केली. आज त्या वडिलांच्या नावाचा फलक दालनाच्या भिंतीवर आहे, आणि त्यांच्या नावाने केलेले काम पावलांखाली आहे.

पुसण्याची रीत

चांगली फरशी चुकीच्या रीतीने पुसली तर तीही निसरडी होते. बादलीत फिनाईल वा साबण अंदाजाने ओतला जातो. जास्त पडला की तो पूर्ण निघत नाही, वाळतो, आणि त्यावर पुन्हा पाणी पडताच फरशी निसरडी होते. म्हणून मापाची बाटली दिली आहे. घट्ट पिळलेल्या मॉपने पुसले तरी फरशी काही काळ ओली राहतेच, आणि गुळगुळीत फरशीवर तेवढी ओल पाय घसरण्यास पुरते. यास्तव आता मार्गिका एका वेळी अर्धीच पुसली जाते. अर्धी बाजू कोरडी होईपर्यंत दुसरीवरून ये-जा होते. पाळी बदलण्याची, औषधवाटपाची व भेटीची वेळ सोडून पुसण्याच्या वेळा नेमल्या आहेत. थोडेसेच सांडले असेल तर सर्व फरशी ओली न करता तेवढाच भाग कोरड्या फडक्याने वा कागदाने टिपून घ्यावा, असा दंडक आहे.

‘फरशी ओली आहे’ या पिवळ्या पाटीविषयीही दोन शब्द. ती पाटी दिवसभर एकाच जागी उभी राहिली की लोक तिला कुंडीसारखी समजू लागतात. ओल असेल तेव्हाच ती ठेवावी, वाळल्यावर लगेच उचलावी, आणि शक्य तेथे पाटीऐवजी दोरी बांधून वाटच बंद करावी.

पायांत काय असावे

आता पादत्राणांविषयी. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील ७ ठिकाणच्या ४,५५३ कर्मचाऱ्यांवर यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. कर्मचाऱ्यांचे यदृच्छेने दोन गट पाडण्यात आले. एका गटास, न घसरण्याच्या कसोटीत उत्तम ठरलेले बूट देण्यात आले. दुसरा गट आपली नेहमीची पादत्राणे वापरीत राहिला. १४ आठवड्यांच्या नोंदींत बूट मिळालेल्या गटात घसरण्याचे प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी आढळले. इमारत तीच, काम तेच. फरक केवळ तळव्याखालील रबराचा होता. बुटांनी घसरणे संपूर्ण थांबत नाही, हेही यातून दिसते. म्हणूनच फरशी, सफाई व पादत्राणे यांचा विचार एकत्र करावा लागतो.

आपल्याकडे वस्तुस्थिती काय आहे? बहुतेक मावशी व मामा रबरी सपाता घालतात. त्यांचा तळ वापरून वापरून गुळगुळीत होतो आणि टाचेला पट्टा नसल्याने पाय आतल्या आत सरकतो. काही कक्षांत चपला दाराबाहेर काढण्याची प्रथा आहे. तेथे मावशी अनवाणीच वावरतात. स्वयंपाकघरात अन्नपूर्णेच्या भावनेने अनेकजणी पायांत काहीच घालत नाहीत. या भावनेचा आम्ही आदर करतो, आणि म्हणूनच स्वयंपाकघरासाठी तेथेच ठेवावयाचा, बाहेर कधीही न वापरावयाचा स्वतंत्र जोड देण्याची योजना केली आहे.

बूट निवडताना आधी कागदावर सर्व काही सोपे वाटले. पुढून बंद, टाचेशी घट्ट, तळ मऊ रबराचा, तळावर दाट नक्षी आणि पाणी बाहेर निघून जाईल अशा मोकळ्या खाचा, एवढे निकष ठरले. प्रत्यक्षात नमुन्याचे जोड वापरावयास दिले, तेव्हा मावशींनी ज्या अडचणी सांगितल्या त्या कोणत्याही पुस्तकात नव्हत्या. पुरुषांच्या मापाचे बूट त्यांच्या पायांत ढिले होत होते. पुढून बंद असलेल्या बुटात पायांतील जोडवी टोचत होती. ‘साहेब, जोडवी काढा असे तुम्ही सांगू नका, आणि आम्ही काढणार नाही,’ असे एका ज्येष्ठ मावशींनी आम्हांस स्वच्छ सांगितले. त्यांचे म्हणणे योग्य होते. पुरवठादाराकडून पुढील भाग रुंद असलेला साचा मागविण्यात आला, आणि प्रत्येकीच्या पायाचे माप प्रत्यक्ष घेण्यात आले. जे बूट पायांत राहत नाहीत ते कपाटात राहतात, आणि कपाटातील बुटाने कोणाचे संरक्षण होत नाही.

ठेकेदाराच्या कामगारांना बूट कोणी द्यावयाचे, असाही प्रश्न हिशेबात निघाला. हिशेबाच्या दृष्टीने तो रास्त आहे. परंतु सांडलेल्या पाण्यास हजेरीपट कळत नाही. आपल्या छपराखाली काम करणाऱ्या प्रत्येकास, मग त्याचे वेतन कोणत्याही वहीत लिहिलेले असो, सारखेच पादत्राण मिळावे, असा ठराव विश्वस्त मंडळाने संमत केला. सफाईच्या नव्या करारात ही अट समाविष्ट केली आहे. तळाची नक्षी झिजली की वर्ष पुरे होण्याची वाट न पाहता जोड बदलून द्यावयाचा, असेही ठरले आहे.

नोंद आणि विश्वास

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम ३२ अन्वये जमीन, पायऱ्या व वाटा सुस्थितीत ठेवाव्यात आणि माणूस घसरेल असे काही त्यांवर राहू देऊ नये, असे बंधन कारखान्यांवर घातले होते. त्या अधिनियमाची जागा आता नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. गिरणीतील कामगारासाठी स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्याच वर्षी जो विचार झाला, तो सेवाभावाने चालणाऱ्या संस्थेने आपल्या सेवकांसाठी कोणी सांगण्याची वाट न पाहता करावयास हवा.

अमेरिकेतील ३ रुग्णालयांत १९९६ ते २००५ या काळात असा सर्वांगीण प्रयत्न झाला. सांडलेले त्वरित पुसण्याची व्यवस्था, फरशी व पादत्राणांतील सुधारणा, पायऱ्या व उजेड, आणि सर्वांचे प्रशिक्षण, असे त्याचे स्वरूप होते. घसरणे, अडखळणे व पडणे यांमुळे होणाऱ्या नुकसानभरपाईच्या दाव्यांचे प्रमाण तेथे ५८ टक्क्यांनी घटले. सर्वाधिक धोका कोणास होता, तर स्वयंपाकघरातील, रुग्णवाहतुकीतील व सफाईतील सेवकांस. म्हणजे रुग्णालयाच्या वेतनपटावर ज्यांची नावे शेवटी येतात, त्यांस.

या सर्व सुधारणांचा पाया नोंद हा आहे. आपण प्रत्येक मजल्यावर एक साधी वही ठेवली आहे. कोणी पडले, किंवा पडता पडता वाचले, तर जागा, वेळ, फरशीवर काय होते व पायांत काय होते, एवढेच तीत लिहावयाचे. ‘दोष कोणाचा’ असा रकाना त्या वहीत मुद्दाम ठेवलेला नाही. लिहिणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असे लेखी आश्वासन पहिल्याच पानावर दिले आहे. या वहीत नोंदी वाढल्या तर विश्वस्तांनी चिंतित होऊ नये, अशी आमची विनंती आहे. आरंभी नोंदी वाढणे हे विश्वास वाढल्याचे लक्षण समजावे.

खर्च आणि विनंती

आम्ही वाणिज्य शाखेत शिकलो. तेथे प्रत्येक खर्चासमोर त्याचा लाभ दाखविण्याची शिस्त शिकविली जाते. या विषयात ती शिस्त अपुरी पडते. चटई, पट्ट्या, बूट यांची बिले खर्चाच्या बाजूस लगेच दिसतात. जो अपघात झाला नाही, त्याचे बिल येत नाही. त्यामुळे बचतीच्या बाजूस लिहावयास काही सापडत नाही. न मोडलेल्या मनगटासाठी ताळेबंदात रकाना नसतो.

हा खर्च कोठून करावयाचा, हेही स्पष्ट करणे आमचे कर्तव्य आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांस १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. तो निधी रुग्णांच्या उपचारांसाठीच आहे. त्यातील एक पैसाही इकडे वळविता येणार नाही व वळवावयाचाही नाही. विशिष्ट कारणासाठी मिळालेल्या देणग्याही त्याच कारणासाठी खर्च होतात. म्हणून ‘सेवक सुरक्षा निधी’ या नावाने स्वतंत्र खाते उघडण्यास विश्वस्त मंडळाने मान्यता दिली आहे. त्याचा जमाखर्च दरवर्षी याच अहवालात स्वतंत्रपणे छापला जाईल.

देणगीदारांस आमची नम्र विनंती अशी की, यंत्र वा दालन देण्याची आपली परंपरा चालूच राहावी. मात्र त्यासमवेत एखाद्या कक्षाच्या स्नानगृहांची फरशी, एखादा जिना, किंवा एका मजल्यावरील सर्व सेवकांचे बूट, असेही दान आपल्या मनात यावे. विश्वस्तांनी आपल्या मासिक फेरीत भिंतींबरोबर खालीही पाहावे आणि मजल्यावरील वही उघडून वाचावी. रुग्णांच्या नातेवाइकांस एवढेच सांगणे आहे की, छत्री बाहेर ठेवावी. सांडलेले दिसल्यास ओलांडून न जाता कोणास तरी हाक मारावी. आणि रुग्णासाठी टाचेला पट्टा असलेली, तळ न झिजलेली पादत्राणे आणावीत. केवळ पायमोजे घालून रुग्णास चालू देऊ नये.

डॉक्टर व परिचारिका रुग्णास बरे करतात. त्यांच्या हाती वेळेवर स्वच्छ उपकरण, धुतलेली चादर व गरम जेवण पोहोचविणारी माणसे दिवसातून असंख्य वेळा याच फरशीवरून जातात. सकाळी कामावर आलेला प्रत्येक सेवक संध्याकाळी आपल्या पायांनी घरी जावा, एवढी हमी देता आली तरी या संस्थेच्या नावातील ‘धर्मादाय’ हा शब्द काही अंशी सार्थ झाला असे आम्ही मानू.